रक्तशर्करा नियंत्रण (प्रकार २ मधुमेह)

रक्तशर्करा नियंत्रण म्हणजे रक्तातील ग्लुकोजचे प्रमाण आरोग्यास हितकारक मर्यादेत ठेवण्यासाठी केलेली आहार, व्यायाम, वजन, औषधे व तपासण्या यांची एकत्रित योजना होय. प्रकार २ मधुमेह टाळणे, तो लांबणीवर टाकणे आणि झालेला असल्यास त्यापासून होणारी अवयवांची हानी रोखणे हे तिचे तीन उद्देश आहेत. मधुमेहाच्या एकूण रुग्णांपैकी बहुसंख्य रुग्ण प्रकार २ चे असतात. हा विकार बराच काळ लक्षणांविना वाढतो. त्यामुळे अनेकांचे निदान दृष्टिदोष, न भरणारी जखम किंवा हृदयविकाराचा झटका यांसारख्या गुंतागुंतीनंतरच होते.

शरीरातील प्रक्रिया

अन्नातील कर्बोदकांचे पचन होऊन त्यांचे प्रामुख्याने ग्लुकोज बनते व ते रक्तात शोषले जाते. रक्तातील ग्लुकोज वाढताच स्वादुपिंडातील बीटा पेशी इन्सुलिन हे संप्रेरक स्रवतात. इन्सुलिनमुळे स्नायू व मेदपेशी ग्लुकोज आत घेतात, तसेच यकृताकडून होणारी ग्लुकोजची निर्मिती मंदावते. उपाशी अवस्थेत, विशेषतः रात्री, यकृत साठवलेले व नव्याने तयार केलेले ग्लुकोज रक्तात सोडते. म्हणूनच रात्रभर काहीही न खाता सकाळची रक्तशर्करा वाढलेली आढळू शकते.

प्रकार २ मधुमेहात दोन दोष एकत्र येतात. पहिला दोष इन्सुलिनरोधाचा : स्नायू, यकृत व मेद यांचा इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद कमी होतो. दुसरा दोष बीटा पेशींच्या क्षीणतेचा : वाढलेली गरज भागविण्याइतके इन्सुलिन त्या स्रवू शकत नाहीत. इन्सुलिनरोध असूनही बीटा पेशी जादा इन्सुलिन पुरवीत असतात तोवर रक्तशर्करा जवळपास सामान्य राहते; त्या कमी पडू लागल्या की ती वाढू लागते. निदान होते त्या वेळी बीटा पेशींची कार्यक्षमता बरीच घटलेली असते. लवकर तपासणी व लवकर उपाय यांचे महत्त्व यातूनच येते.

निदानाचे निकष

निदानासाठी रक्तातील ग्लुकोज मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर या एककात मोजले जाते. प्रचलित निकष पुढीलप्रमाणे आहेत :

- उपाशीपोटी (किमान आठ तास) : १०० पेक्षा कमी सामान्य, १०० ते १२५ मधुमेहपूर्व अवस्था, १२६ किंवा अधिक मधुमेह. जागतिक आरोग्य संघटना मधुमेहपूर्व अवस्थेची खालची मर्यादा ११० मानते.
- ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यानंतर दोन तासांनी : १४० पेक्षा कमी सामान्य, १४० ते १९९ मधुमेहपूर्व अवस्था, २०० किंवा अधिक मधुमेह.
- एचबीए१सी : ५.७ टक्क्यांपेक्षा कमी सामान्य, ५.७ ते ६.४ टक्के मधुमेहपूर्व अवस्था, ६.५ टक्के किंवा अधिक मधुमेह.

स्पष्ट लक्षणे नसल्यास एकाच तपासणीवर निदान केले जात नाही. दुसऱ्या तपासणीने खात्री केली जाते. घरगुती ग्लुकोमीटरचा उपयोग दैनंदिन देखरेखीसाठी होतो. निदान प्रयोगशाळेतील तपासणीवरून करतात.

एचबीए१सी ही तपासणी रक्तातील हिमोग्लोबिनच्या किती अंशाला ग्लुकोज चिकटले आहे हे दाखवते. तांबड्या पेशींचे आयुष्य सुमारे १२० दिवस असल्याने या तपासणीतून मागील दोन ते तीन महिन्यांची सरासरी कळते. ७ टक्के एचबीए१सी म्हणजे साधारण १५४ मिलिग्रॅम सरासरी रक्तशर्करा होय. मात्र तांबड्या पेशींच्या आयुष्यात फरक पडला की हा आकडा दिशाभूल करतो. लोहाच्या कमतरतेमुळे होणाऱ्या रक्तक्षयात तो प्रत्यक्षापेक्षा जास्त, तर सिकलसेल आजारात कमी येऊ शकतो. महाराष्ट्रात स्त्रियांमधील रक्तक्षयाचे मोठे प्रमाण आणि विदर्भ व नंदुरबारच्या आदिवासी भागांतील सिकलसेलचा आढळ पाहता ही मर्यादा महत्त्वाची ठरते. अशा व्यक्तींमध्ये उपाशीपोटीच्या व ग्लुकोज दिल्यानंतरच्या प्रत्यक्ष मोजणीवर भर दिला जातो.

भारतातील स्थिती

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या सहकार्याने झालेल्या इंडियाब या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार भारतात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह असून सुमारे १३.६ कोटी लोक मधुमेहपूर्व अवस्थेत आहेत. राज्यांमध्ये मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण, २६.४ टक्के, गोव्यात आढळले.

भारतीयांमध्ये हा विकार तुलनेने कमी वयात व कमी वजन असतानाही होतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील संशोधक चित्तरंजन याज्ञिक यांनी बारीक दिसणाऱ्या पण शरीरात मेदाचे प्रमाण अधिक असणाऱ्या भारतीय देहयष्टीचा अभ्यास केला. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात याज्ञिक व ब्रिटिश संशोधक जॉन युडकिन यांचे छायाचित्र प्रसिद्ध झाले. दोघांचा देहवस्तुमान निर्देशांक २२.३ असा सारखाच होता. परंतु शरीरातील मेद युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के होता. पुणे जिल्ह्यातील खेड्यांत १९९३ पासून चाललेल्या माता-पोषण अभ्यासाने हे वैशिष्ट्य जन्मतःच दिसते असे दाखवून दिले. या कारणांमुळे भारतीयांसाठी २३ हा निर्देशांक जादा वजनाची सुरुवात मानला जातो, तर कंबरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा असे सांगितले जाते. पोटाभोवतीची चरबी हे वजनापेक्षाही अधिक बोलके लक्षण आहे.

प्रतिबंधाचे पुरावे

मधुमेहपूर्व अवस्थेतील प्रत्येकाला मधुमेह होतोच असे नाही. जीवनशैलीतील बदलाने तो टाळता किंवा लांबवता येतो, हे अनेक देशांतील नियंत्रित अभ्यासांतून सिद्ध झाले आहे.

चीनमधील दाचिंग येथे १९८६ मध्ये ५७७ व्यक्तींवर असा अभ्यास सुरू झाला. आहार व व्यायामाचा कार्यक्रम सहा वर्षे चालला. परंतु तीस वर्षांनंतरही त्याचा लाभ टिकून असल्याचे आढळले. सहभागी गटात मधुमेह सरासरी सुमारे चार वर्षांनी लांबला व हृदयविकारही कमी झाला. फिनलंडमधील ५२२ व्यक्तींच्या अभ्यासात (२००१) आणि अमेरिकेतील ३,२३४ व्यक्तींच्या अभ्यासात (२००२) जीवनशैलीतील बदलाने मधुमेहाचा धोका ५८ टक्क्यांनी घटला. अमेरिकेतील अभ्यासात मेटफॉर्मिन या औषधाने तो ३१ टक्क्यांनी घटला होता. त्या अभ्यासातील उद्दिष्टे साधी होती : वजनात सात टक्के घट व आठवड्यास किमान १५० मिनिटे चालण्यासारखा व्यायाम.

भारतात ए. रामचंद्रन व सहकाऱ्यांनी चेन्नई येथे ५३१ व्यक्तींवर केलेल्या अभ्यासात (२००६) जीवनशैलीतील बदलाने धोका २८.५ टक्क्यांनी कमी झाला. मेटफॉर्मिन व जीवनशैली या दोन्हींचा एकत्र वापर करूनही अधिक लाभ दिसला नाही. या गटातील लोक फारसे स्थूल नव्हते व त्यांच्या वजनात लक्षणीय घटही झाली नव्हती. म्हणजेच वजन न घटताही आहार व चालण्याचा काही फायदा होतो.

आहार

भारतीय आहारात ऊर्जेचा मोठा वाटा तांदूळ, गहू व साखर यांतील कर्बोदकांचा असतो. त्यामुळे आहारनियोजनात पहिला प्रश्न कर्बोदकांच्या एकूण प्रमाणाचा व दुसरा त्यांच्या प्रकाराचा असतो. पदार्थ रक्तशर्करा किती वेगाने वाढवतो हे सांगणारा ग्लायसेमिक निर्देशांक १९८१ मध्ये टोरांटो येथील डेव्हिड जेंकिन्स व सहकाऱ्यांनी मांडला. डाळी व कडधान्ये यांचा निर्देशांक कमी, तर पॉलिश केलेला तांदूळ व मैदा यांचा जास्त असतो. तथापि कमी निर्देशांकाचा पदार्थही भरपूर खाल्ल्यास रक्तशर्करा वाढते.

महाराष्ट्रातील नेहमीच्या जेवणात पुढील बदल उपयुक्त ठरतात. भात व पोळीचे प्रमाण कमी करून मटकी, मूग, हरभरा यांच्या उसळी, वरण, ताक, अंडी किंवा मासे यांद्वारे प्रथिने वाढवता येतात. कोशिंबीर व पालेभाजी आधी आणि भात-पोळी नंतर असा क्रम ठेवल्यास जेवणानंतरची वाढ काहीशी कमी होते. ज्वारी-बाजरीच्या भाकरीत तंतुमय पदार्थ अधिक असले तरी तीही पिष्टमयच आहे. भाकरी कितीही खाल्ली तरी चालते ही समजूत चुकीची आहे. गूळ, मध व साखर यांच्यात रक्तशर्करेच्या दृष्टीने फारसा फरक नाही. उसाचा रस व फळांचे रस यांतील साखर वेगाने शोषली जाते. त्याऐवजी मर्यादित प्रमाणात अख्खे फळ खाणे श्रेयस्कर असते.

उपवासाच्या पदार्थांकडेही लक्ष द्यावे लागते. साबुदाणा हा जवळपास निव्वळ स्टार्च आहे. बटाट्याच्या जोडीने केलेली त्याची खिचडी दिवसभर उपाशी राहिल्यानंतर खाल्ल्यास रक्तशर्करा झपाट्याने वाढते. उलटपक्षी, इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातील गोळ्या घेणाऱ्यांनी औषध नेहमीप्रमाणे घेऊन कडक उपवास केल्यास रक्तशर्करा धोकादायकरीत्या घटू शकते. एकादशी, नवरात्र किंवा रमझानच्या उपवासापूर्वी औषधांच्या मात्रेबाबत डॉक्टरांशी बोलणे यासाठीच आवश्यक असते.

व्यायाम, झोप व व्यसने

स्नायू आकुंचन पावत असताना ते इन्सुलिनच्या मदतीशिवायही ग्लुकोज आत घेतात. त्यामुळे इन्सुलिनरोध असतानाही व्यायामाने रक्तशर्करा कमी होते व हा परिणाम पुढे काही तास टिकतो. आठवड्यास किमान १५० मिनिटे मध्यम गतीचा व्यायाम आणि दोन ते तीन दिवस स्नायूंना बळकटी देणारा व्यायाम करण्याची शिफारस केली जाते. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालल्याने जेवणोत्तर रक्तशर्करा घटते. सलग बसून राहण्यात खंड पाडणेही लाभदायक असते. अपुरी झोप व धूम्रपान यांनी इन्सुलिनरोध वाढतो. तंबाखूमुळे पायांचा रक्तपुरवठाही बिघडतो.

औषधोपचार

मेटफॉर्मिन हे यकृताची ग्लुकोजनिर्मिती कमी करणारे औषध असून मधुमेहासाठी त्याचा वापर १९५७ मध्ये फ्रान्समध्ये झाँ स्टेर्न यांनी प्रथम नोंदवला. ते स्वस्त आहे व एकट्याने घेतल्यास रक्तशर्करा सहसा फार खाली नेत नाही. दीर्घकाळ वापरल्यास जीवनसत्त्व ब१२ ची कमतरता होऊ शकते. शाकाहारी व्यक्तींमध्ये ही कमतरता आधीच असण्याचा संभव असल्याने तिची तपासणी करतात. सल्फोनिलयुरिया औषधे बीटा पेशींकडून इन्सुलिन स्रवून घेतात. ग्लिप्टिन गटातील औषधे आतड्यातील संप्रेरकांचा प्रभाव वाढवतात. ग्लिफ्लोझिन गटातील औषधे मूत्रावाटे ग्लुकोज बाहेर टाकतात. हृदय निकामी होणे व मूत्रपिंडाचा ऱ्हास यांपासूनही ती संरक्षण देतात. सेमाग्लुटाइडसारखी औषधे भूक व वजन कमी करतात.

ही औषधे पुरेशी न ठरल्यास इन्सुलिन सुरू केले जाते. इन्सुलिन हा शेवटचा उपाय आहे किंवा ते सुरू केल्यास अवयव निकामी होतात, हा गैरसमज आहे. अवयवांची हानी दीर्घकाळ वाढलेल्या रक्तशर्करेमुळे होते; इन्सुलिन टाळण्यात गेलेली वर्षे ती हानी वाढवतात.

नियंत्रणाची उद्दिष्टे

बहुतेक प्रौढ रुग्णांसाठी एचबीए१सी ७ टक्क्यांच्या आत, उपाशीपोटीची रक्तशर्करा ८० ते १३० व जेवणोत्तर १८० पेक्षा कमी अशी उद्दिष्टे ठेवतात. ब्रिटनमधील यूकेपीडीएस या अभ्यासात (१९९८) एचबीए१सी सरासरी ७.९ वरून ७.० टक्क्यांवर ठेवल्यास डोळे, मूत्रपिंड यांसारख्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या विकारांचा धोका २५ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. सुरुवातीच्या वर्षांत मिळवलेल्या नियंत्रणाचा लाभ पुढील दहा वर्षांतही टिकला.

तथापि रक्तशर्करा जितकी कमी तितके चांगले असे नाही. अमेरिका व कॅनडातील अॅकॉर्ड अभ्यासात दीर्घकाळचा मधुमेह व हृदयविकाराचा धोका असलेल्या रुग्णांचे एचबीए१सी ६ टक्क्यांच्या खाली आणण्याचा प्रयत्न झाला. त्या गटात मृत्यू अधिक आढळल्याने हा भाग २००८ मध्ये थांबवण्यात आला. वृद्ध, एकटे राहणारे किंवा अनेक आजार असलेले रुग्ण यांच्यासाठी म्हणून ७.५ ते ८ टक्के असे सैल उद्दिष्ट ठेवले जाते.

रक्तशर्करा ७० च्या खाली जाणे धोक्याचे असते. घाम, थरथर, धडधड, अचानक लागलेली भूक व गोंधळलेपण ही तिची लक्षणे होत. रुग्ण शुद्धीवर असल्यास साधारण १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा तीन चमचे साखर पाण्यातून देतात, १५ मिनिटांनी पुन्हा मोजतात व सुधारणा नसल्यास तेच पुन्हा करतात. बेशुद्ध व्यक्तीच्या तोंडात काहीही घालू नये. तिला तत्काळ रुग्णालयात न्यावे लागते.

विकाराचे शमन

वजनात मोठी घट झाल्यास औषधांशिवाय रक्तशर्करा सामान्य होणे काही रुग्णांत शक्य असते. ब्रिटनमधील डायरेक्ट अभ्यासात (२०१७) कमी उष्मांकाच्या आहाराने एका वर्षात ४६ टक्के रुग्णांत असे शमन झाले. दुसऱ्या वर्षाअखेर हे प्रमाण ३६ टक्के होते. निदान होऊन थोडीच वर्षे झालेल्यांत याची शक्यता अधिक असते. वजन पुन्हा वाढल्यास मधुमेह परततो, म्हणून यास ‘कायमचा बरा’ न म्हणता शमन म्हटले जाते. मधुमेह मुळापासून बरा करण्याचा दावा करणाऱ्या चूर्णांसाठी चालू औषधे बंद करणे घातक ठरू शकते.

नियमित तपासण्या

रक्तशर्करेसोबत रक्तदाब व कोलेस्टेरॉल यांचे नियंत्रणही तितकेच आवश्यक असते, कारण प्रकार २ मधुमेहात मृत्यूचे प्रमुख कारण हृदय व रक्तवाहिन्यांचे विकार हे आहे. एचबीए१सी दर तीन ते सहा महिन्यांनी तपासतात. दृष्टिपटलाची तपासणी, मूत्रातील अल्ब्युमिन व रक्तातील क्रिॲटिनिन यांची मोजणी आणि पायांच्या संवेदनेची परीक्षा वर्षातून एकदा, निदानाच्या वेळेपासूनच केली जाते. संवेदना कमी झालेल्या पायाला काटा किंवा चटका लागलेला कळत नाही. म्हणून अनवाणी न चालणे, तळवे रोज पाहणे व लहान जखमेकडेही दुर्लक्ष न करणे या साध्या सवयींनी पाय कापण्याची वेळ टाळता येते.

गरोदरपणात मधुमेह झालेल्या स्त्रियांना पुढे प्रकार २ मधुमेहाचा धोका बराच अधिक असतो. प्रसूतीनंतर रक्तशर्करा सामान्य झाली तरी सहा ते बारा आठवड्यांनी व त्यानंतरही नियमितपणे त्यांची तपासणी करण्याची शिफारस केली जाते.