ऐकू येतं, पण कळत नाही

न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमधल्या पी. एस. ९८ या सरकारी शाळेशेजारून रेल्वेचा उन्नत मार्ग जातो. त्या बाजूच्या वर्गांत दर साडेचार मिनिटांनी गाडीचा खडखडाट व्हायचा आणि शिकवणं थांबायचं. मानसशास्त्रज्ञ आर्लीन ब्रॉन्झाफ्ट आणि त्यांचे सहकारी डेनिस मॅकार्थी यांनी तिथल्या मुलांची वाचनातली प्रगती तपासली. १९७५ साली त्यांनी मांडलेला निष्कर्ष असा, की रुळांकडच्या वर्गांतली मुलं शांत बाजूच्या मुलांच्या मागे पडतात आणि सहावीपर्यंत हे अंतर जवळपास वर्षभराचं होतं. पुढे रुळांखाली रबर बसवलं गेलं, वर्गांच्या छताला आवाज शोषणारं आवरण लागलं. १९८१ च्या पाहणीत तो फरक उरला नव्हता. बदल झाला होता तो रुळांत आणि छतात.

गाडीचा आवाज निदान सर्वांना जाणवतो. वर्गाचं घुमणं मात्र सहसा कुणाच्या तक्रारीत येत नाही. बोलण्यातले स्वर दणकट असतात, व्यंजनं नाजूक आणि क्षणभराची. शब्दाचा अर्थ बराचसा व्यंजनांवर उभा असतो. खोली घुमते तेव्हा आधीच्या स्वराचा रेंगाळलेला आवाज पुढच्या व्यंजनावर पसरतो, आणि ‘कडी’ की ‘खडी’, ‘पळ’ की ‘फळ’ हे कानाला ठरवता येत नाही.

मोठ्यांचं यात फारसं अडत नाही. वाक्याच्या ओघावरून आपण गाळलेल्या जागा भरतो, कारण शब्द आधीपासून ओळखीचे असतात. ‘प्रकाशसंश्लेषण’ आयुष्यात पहिल्यांदा ऐकणाऱ्या मुलानं ती जागा कशानं भरायची? गोंगाटातून बोलणं वेगळं काढण्याची क्षमताही किशोरवयापर्यंत घडत असते. म्हणून शिक्षकांचा आवाज आजूबाजूच्या आवाजापेक्षा सुमारे १५ डेसिबलनं वरचढ असावा, असं तज्ज्ञ सांगतात. सर्दीनं कानाला दडे बसलेल्या मुलाला आणि घरी कोरकू किंवा गोंडी बोलून मराठी शाळेत येणाऱ्या मुलाला याची गरज अधिकच. अशा मुलाला ‘लक्ष कुठे आहे तुझं?’ असं दरडावणं मला अन्यायाचं वाटतं. त्याचं लक्ष असतं, शब्दच धड पोचलेला नसतो.

घुमण्याचं गणित मांडलं हार्वर्डच्या वॉलेस सॅबिन यांनी. १८९५ मध्ये विद्यापीठाचं एक नवं व्याख्यानगृह इतकं घुमत होतं, की उच्चारलेला शब्द सुमारे साडेपाच सेकंद रेंगाळायचा. सॅबिन यांनी शेजारच्या नाट्यगृहातल्या आसनांच्या गाद्या रात्री आणून तिथे मांडल्या आणि किती गाद्यांनी आवाज किती लवकर विरतो ते मोजलं. खोली जितकी मोठी तितकं घुमणं जास्त, शोषणारे पृष्ठभाग जितके जास्त तितकं कमी. अमेरिकेच्या २००२ च्या मानकात नेहमीच्या आकाराच्या वर्गासाठी आवाज विरण्याच्या वेळेची मर्यादा ०.६ सेकंद आहे.

आता आपला वर्ग पाहा. सिमेंटचा स्लॅब, गुळगुळीत गिलावा, फरशी. आवाज शोषतात ती फक्त मुलं आणि उघड्या खिडक्या. सॅबिन यांनी उघडी खिडकीच शोषणाचं माप म्हणून धरली होती, कारण तिच्यातून गेलेला आवाज परत येत नाही. पण आपल्याकडे त्याच खिडकीतून हॉर्न आत येतात. शाळेभोवतीचा १०० मीटरचा परिसर कायद्यानं शांतता क्षेत्र ठरू शकतो आणि तिथे दिवसाची मर्यादा ५० डेसिबल आहे. रस्त्याकडेच्या शाळेत क्षणभर उभं राहिलं तरी ती किती पाळली जाते ते कळतं. आणि जिथे छत पत्र्याचं, तिथे पाऊस कोसळू लागला की फळ्यावर लिहून देण्यापलीकडे शिक्षकांच्या हाती काही उरत नाही.

अशा वेळी बाई आवाज चढवतात. त्यांचा घसा बसतो, आणि चढलेल्या आवाजाबरोबर घुमणंही तितकंच चढतं. त्यापेक्षा अंतर कमी करावं. मोकळ्यात अंतर निम्मं झालं की आवाज सुमारे ६ डेसिबलनं वाढतो. घुमणाऱ्या खोलीत मागच्या बाकांपर्यंत हा लाभ टिकत नाही, म्हणून बाकं अर्धवर्तुळात मांडून मुलांना जवळ घ्यावं. बाकांच्या पायांना रबराच्या टोप्या लावाव्यात, मागच्या भिंतीवर जाड मऊ फलक ठोकावेत. मोठा फरक पडतो तो छताला शोषक आवरण दिल्यानं, आणि ते नव्या इमारतीच्या नकाशात आणि अंदाजपत्रकातच धरलेलं असायला हवं.