आपल्या हातानं करू द्या



गळीत हंगामात घरोघरी घाई असते. तीन वर्षांचं लेकरू आपल्या हातानं जेवू लागलं, की "सांडशील, थांब!" म्हणून आपणच घास भरवतो. वेळ वाचतो खरा, पण लेकराचा हात तयार व्हायचा राहतो.

डॉ. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोममधील सॅन लोरेन्झो या गरीब वस्तीत बालगृह उघडले. आईबाप कामावर गेले, की ही मुले मोकाट असत. हाताला पेलेल असे सामान मिळताच ती आपली कामे आपण करू लागली.

आपल्याकडे ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ सोबतीला होत्या. महागडी साधने खेड्याला कुठून परवडणार? त्यांनी बिया, पाने, खडे, शंख-शिंपले यांचीच साधने केली.

तेव्हा आम्ही एवढेच सुचवतो : लेकराचा हात पोहोचेल तिथे लहान तांब्या-पेला ठेवा. भाजी निवडायला शेजारी बसवा. पाणी सांडले तर रागावू नका, फडके हाती द्या. आणि आपल्या फडावर आलेल्या तोडणी मजुरांची लेकरंही अंगणवाडीत आपल्या लेकरांशेजारी बसतील, हे पाहा. सॅन लोरेन्झोची मुलेही कष्टकऱ्यांचीच होती.