चित्रांच्या पुस्तकातून विज्ञान

विज्ञान म्हटले की आपल्यापुढे परीक्षानळ्या आणि व्याख्या उभ्या राहतात. परंतु लहान मुलाची निसर्गाशी पहिली ओळख पाहण्यातून होते. म्हणून अक्षरओळख होण्यापूर्वीच हाती देता येईल असे विज्ञानाचे पुस्तक म्हणजे चित्रांचे पुस्तक होय.

एरिक कार्ल या अमेरिकन चित्रकाराचे 'द व्हेरी हंग्री कॅटरपिलर' हे १९६९ साली निघालेले पुस्तक मी धाकट्या बहिणीला दाखवले. मजकूर इंग्रजी, म्हणून गोष्ट मराठीत सांगितली. अंड्यातून अळी निघते, आठवडाभर खात सुटते, कोशात जाते आणि फुलपाखरू होते. शेजारी आई भाजी निवडत होती. तिला वाचता येत नाही, पण अळी केक खाते असे चित्र येताच ती म्हणाली, "आपल्या लिंबावरची तर पाल्याशिवाय कशाला तोंड लावत नाही."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी परसात गेलो. लिंबावरची अळी लहानपणी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, त्यामुळे शत्रू फसतात. मोठी झाली की ती हिरवी होते. डिवचली तर डोक्यामागून शिंगांसारखा अवयव काढून उग्र वास सोडते. हा वास आईला ठाऊक होता. पण हीच अळी पुढे फुलपाखरू होते हे ठाऊक नव्हते. मला तो क्रम पाठ होता. पण झाडावरची अळी मी ओळखली नसती.

पुस्तकात आणखी एक चूक आहे. रेशमी धाग्यांचा कोश विणतात त्या बहुधा पतंगांच्या अळ्या. लिंबावरची अळी कात टाकते आणि आतून टणक आवरणाचा कोश निघतो. एका धाग्याच्या आधाराने तो फांदीला टेकून राहतो. मराठीत दोहोंना कोशच म्हणतात, म्हणून हा फरक डोळ्यांनीच पाहावा लागतो.

अशा चुकांमुळे पुस्तक टाकाऊ ठरत नाही. आधी चित्र पाहावे, मग झाड पाहावे, आणि पुन्हा चित्राकडे येऊन काय जुळले, काय जुळले नाही हे मुलालाच विचारावे. निरीक्षण आणि पडताळा हेच तर विज्ञान!

आई दरवर्षी त्या अळ्या वेचून चिरडते, कारण रोप वाचले तर लिंबे मिळतात. यंदा तिने बहिणीसाठी दोन ठेवल्या.

मित्रमैत्रिणींनो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी वाचणारे आपणच पहिले आहोत. सुट्टीत गावी जाताना चित्रांचे एक पुस्तक सोबत न्या, आणि ते मुलांना दाखवताना घरातल्या वडीलधाऱ्यांनाही जवळ बसवा.

— द्वितीय वर्ष, कला