ताऱ्यांचे रंग आणि वाटेवरची धूळ

ज्येष्ठा नक्षत्रातील ठळक तारा तांबडा दिसतो आणि मावळता सूर्यही तांबडा दिसतो. परंतु दोहोंचे कारण एक नाही. त्या ताऱ्याचा पृष्ठभाग सूर्याहून थंड असल्याने त्याचा मूळ रंगच तांबडा आहे. सूर्य मात्र सायंकाळी बदलत नाही. वाटेतील हवा व धूळ निळा प्रकाश अधिक विखुरतात, म्हणून तो तांबूस भासतो.

ताऱ्यांमधील अवकाशातही अतिसूक्ष्म धूलिकण आहेत. ते निळा प्रकाश अधिक आणि तांबडा कमी अडवितात. १९३० मध्ये रॉबर्ट ट्रम्पलर यांनी तारकागुच्छांच्या अभ्यासातून हे शोषण दाखवून दिले.

मग एखादा तारा मुळात तांबडा की धुळीमुळे, हे कसे ओळखावे? वर्णपटातील रेषांवरून ताऱ्याचे तापमान कळते आणि तापमानावरून मूळ रंग. निळ्या व पिवळसर-हिरव्या गाळणीतून मोजलेल्या प्रतींमधील फरक म्हणजे रंगांक. समजा, मूळ रंगांक उणे ०.२ असून मोजलेला ०.३ आला, तर ०.५ ची वाढ धुळीमुळे झाली. आपल्या आकाशगंगेत तिला साधारणपणे ३.१ ने गुणले की एकूण शोषण मिळते : सुमारे दीड प्रत. म्हणजे जेमतेम चौथा हिस्सा प्रकाश आपल्यापर्यंत पोहोचला. धूळ हिशेबात धरली नाही, तर तारा प्रत्यक्षाच्या दुप्पट अंतरावर आहे असे ठरेल.

हे काम आपल्यापासून दूर नाही. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातील एम. के. पाटील यांनी एस. के. पांडे, डी. के. साहू व पुण्याच्या ‘आयुका’तील अजित केंभावी यांच्यासह २६ दीर्घिकांमधील धुळीचा असाच रंगांवरून अभ्यास केला. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या संशोधनात ३.१ च्या जागी सरासरी ३.०२ हा आकडा आला. तेथील धुळीचे गुणधर्म आपल्या आकाशगंगेतील धुळीसारखेच आढळले.

‘यांचे तेज मुळातच कमी’ असा निवाडा आपल्या समाजाविषयी शतकानुशतके दिला गेला. तो देणाऱ्यांनी मधली धूळ कधी मोजली नाही. परंपरेने आले म्हणून स्वीकारू नका, पारखून घ्या, ही कालाम सुत्ताची शिकवण आहे. वर्णपट आणि रंगांक ही त्या पारखण्याचीच साधने होत. आपल्या वसतिगृहातील मुलामुलींनी ती हाती घ्यावीत. नांदेडचे विद्यापीठ जवळच आहे.