उलटे फिरणारे पाणी आणि ते तपासणारा माणूस

विहिरीच्या काठावर मोटार बसवली, की पाण्यात सोडलेल्या नळीच्या टोकाला आपण फूटव्हॉल्व्ह लावतो. त्याचे काम काय? नळीत वर चढलेले पाणी पुन्हा विहिरीत उतरू द्यायचे नाही. आत एक झडप असते. पाणी वर जाताना ती वाट देते. परत येऊ लागले की दार लावून घेते. हा फूटव्हॉल्व्ह गळू लागला म्हणजे काय होते, ते शेतकऱ्याला सांगायला नको. रात्री मोटार बंद केली, सकाळी बटण दाबले, तर मोटार नुसतीच फिरत राहते. पाणी काही येत नाही. नळी रिकामी झालेली असते. मग बादलीने पाणी ओता, नळी भरा, आणि पुन्हा बटण दाबा.

नळीतले पाणी उलटे फिरू शकते, एवढे यावरून कळते. शेतातल्या विहिरीवर ते उलटे फिरले तर अर्धा तास वाया जातो. पण पिण्याच्या पाण्याच्या नळात ते उलटे फिरले तर? तिथे जिवाशी गाठ असते. ते कसे, आणि त्यावर नजर ठेवणारा माणूस कसा असावा, हे आम्ही या धड्यात सांगणार आहोत.

आमचे खापरखेडा सावनेर तालुक्यात येते. या तालुक्यात संत्र्याचे बगीचे पुष्कळ. कापूसही आहे. समजा, एका शेतकऱ्याला फवारणी करायची आहे. त्याने ड्रममध्ये औषध टाकले. घरच्या नळाला रबरी नळी लावली, तिचे टोक ड्रमात बुडवले, आणि तो चहा प्यायला गेला. तेवढ्यात गावच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद झाला. खालच्या वस्तीत नळ उघडेच होते. लाइनमधले पाणी तिकडे वाहून जाऊ लागले. लाइन रिकामी होताना मागून ओढ लागते. पिंपातले रॉकेल आपण नळीने काढतो ना? एकदा तोंडाने ओढले, की पुढे ते आपोआप येत राहते. तसेच इथे होते. ड्रमातले विषारी पाणी नळीतून उलटे चढते आणि गावच्या लाइनमध्ये शिरते. दुसऱ्या दिवशी कोणाच्या गुंडात ते पडेल, ते कोण सांगणार?

ही झाली ओढ. दुसरा प्रकार रेट्याचा. आजकाल पुष्कळ घरी बोअर असते. घरधनी काय करतो, बोअरची लाइन आणि पंचायतीच्या नळाची लाइन एकत्र जोडतो. मधे एक चावी ठेवतो. म्हणतो, नळ आला तर नळाचे घेऊ, नाही तर बोअरचे घेऊ. चावी नीट बंद झाली नाही, की बोअरच्या मोटारीचा रेटा टाकीच्या रेट्यापेक्षा जास्त भरतो. मग बोअरचे पाणी गावच्या लाइनमध्ये घुसते. त्या बोअरचे पाणी कोणी कधी तपासले होते का? बहुधा नाही.

आणखी एक सवय आहे. नळाला पाणी कमी येते म्हणून लोक अंगणात खड्डा खणतात आणि नळ जमिनीच्या खाली नेतात. खाली पाणी जास्त येते, हे खरे. पण त्या खड्ड्यात भांडी घासल्याचे पाणी साचते, पावसाचे साचते, कधी कोंबड्याही उतरतात. पाणी बंद झाले की लाइन तेच पाणी ओढून घेते. टिल्लू पंप तर याहून वाईट. तो आपल्या जोराने पाणी ओढतो. लाइनला कुठे गटाराजवळ बारीकशी फट असेल, तर तो गटारही ओढतो. शेजाऱ्याचे पाणी जाते ते वेगळेच.

हे फक्त खेड्यातच घडते असे नाही. १९३३ साली अमेरिकेत शिकागो शहरी मोठे जागतिक प्रदर्शन भरले होते. लाखो पाहुणे आले. तिथल्या जुन्या हॉटेलांत पाण्याचे नळ आणि मैल्याचे नळ यांची कुठे कुठे गाठ पडली होती. मैल्याचे पाणी पिण्याच्या पाण्यात मिसळले. पाहुण्यांना आवेची हगवण लागली. चौदाशेच्या आसपास लोक आजारी पडले आणि ९८ दगावले. पाहुणे तोवर आपापल्या गावी परतले होते. त्यामुळे सगळ्यांच्या दुखण्याचे मूळ एकच आहे, हे डॉक्टरांच्या ध्यानात यायलाही वेळ लागला.

आपल्या दिल्लीत तर नाल्याचे पाणीच उलटे फिरले. १९५५ साली पूर ओसरल्यावर यमुनेचा प्रवाह सरकला. नजफगडच्या नाल्याचे घाण पाणी उलटे वर चढले. शहरासाठी वजिराबादला जिथून पाणी उचलत, तिथपर्यंत ते पोचले. १९५५ च्या डिसेंबरात आणि १९५६ च्या जानेवारीत सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. त्या वेळी पाण्यात क्लोरीन वाढवले होते. त्यामुळे विषमज्वर पसरला नाही, पण कावीळ थांबली नाही. ब्लीचिंग पावडर टाकली म्हणजे काहीही घाण आत आली तरी चालते, असे समजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

मग उपाय काय? सगळ्यात चांगला उपाय फुकटचा आहे. नळाचे तोंड आणि खालचे भांडे यांच्यात मोकळी जागा ठेवायची. नळीचे टोक कधीही ड्रमात, टाक्यात, गुरांच्या डोणीत बुडवून ठेवायचे नाही. किती जागा ठेवायची? नळाचे तोंड जेवढे रुंद, त्याच्या निदान दुप्पट, आणि कसेही झाले तरी एका इंचापेक्षा कमी नाही. मधे हवा असली की पाणी उडी मारून वर जाऊ शकत नाही. हा उपाय बिघडत नाही, गंजत नाही, आणि तो लहान पोरालाही तपासता येतो.

पण सगळीकडे अशी मोकळी जागा ठेवता येत नाही. दवाखान्यात, कारखान्यात, ठिबकातून खत सोडतात तिथे नळी थेट जोडावी लागते. अशा जागी उलटे पाणी अडवणारी झडप बसवतात. साधी असते तिला आपले कारागीर एनआरव्ही म्हणतात. जिथे धोका मोठा, तिथे दोन झडपांची असते. एका घराला एकामागे एक दोन दारे असावीत आणि मधे छोटी खोली, तशी तिची रचना. त्या मधल्या खोलीला खाली एक मोरी असते. दारे गळू लागली आणि पाणी उलटे येऊ लागले, तर ते मोरीतून बाहेर सांडते. पिण्याच्या लाइनपर्यंत जात नाही.

इथे खरी मेख आहे. झडपेच्या आतले रबर कडक होते. रेतीचा एक कण दारात अडकतो. स्प्रिंग गंजते. आणि बाहेरून काहीच कळत नाही! कारण पाणी पुढे तर नीट येतच असते. मोटार बिघडली तर लगेच समजते. झडप मात्र मुकी असते. पाणी उलटे फिरेल त्याच दिवशी ती बिघडलेली आहे हे कळते, आणि त्या दिवशी कळून उपयोग नसतो. म्हणून ती कोणीतरी मुद्दाम तपासावी लागते. मापाचे घड्याळ लावून, दोन्ही बाजूंचा दाब मोजून.

ते कोणी करावे? ज्याच्या हातात पाना आहे त्याने? अमेरिकेत यासाठी नियम केले आहेत. तिथल्या टेक्सास राज्याचे उदाहरण घ्या. झडप तपासणाऱ्याला सरकारी परवाना लागतो. त्याआधी दोन वर्षे कामाचा अनुभव हवा, चाळीस तासांचे शिक्षण हवे, आणि परीक्षा पास व्हायला हवी. परवाना तीन वर्षे चालतो. मग पुन्हा शिकायचे, तेव्हा तो नवा होतो. त्याच्या मापाच्या घड्याळाचीही दरवर्षी तपासणी होते. जिथे जिवाला धोका आहे, तिथली झडप बसवताना एकदा आणि पुढे दरवर्षी तपासायची, आणि निकाल लिहून सही करून द्यायचा.

एवढा बारकावा कशाला, असे कोणाला वाटेल. पण आपल्याकडे याची सवय जुनी आहे. खापरखेड्याला महानिर्मितीचे वीज केंद्र आहे. कुठलाही बॉयलर दाखला नसलेल्या माणसाच्या हाती देत नाहीत. त्यासाठी १९२३ साली कायदा झाला, आणि २०२५ साली त्याच्या जागी नवा आला. या भागात कोळशाच्या खाणीही आहेत. भूमिगत खाणीत मजूर उतरण्याआधी सरदार पुढे जातो. छत पाहतो, हवा पाहतो, गॅस आहे का ते पाहतो. त्याच्याजवळ सरदारकीचा दाखला असावा लागतो. गॅस तपासण्याचा दाखला वेगळा लागतो. आणि काय पाहिले ते तो वहीत लिहून खाली सही करतो. सरपंचाचा भाचा आहे म्हणून कोणी सरदार होत नाही! खाणीतल्या माणसाला विचारा. सरदाराने न पाहता सही केली, तर ती सही काय किमतीची, ते तो सांगेल.

आता आपल्या गावाकडे येऊ. खेड्यात झडप तपासायला परवानेवाला माणूस येत नाही. पण पाणी तपासणारी माणसे गावात आहेत. ग्रामपंचायतीत जलसुरक्षक असतो. १५ ऑगस्ट २०१९ ला जलजीवन मिशन जाहीर झाले. त्या योजनेत प्रत्येक गावातल्या पाच बायांना पाणी तपासायला शिकवावे आणि तपासणीची पेटी द्यावी, असे ठरले आहे. कुठे आशाताई असतात, कुठे अंगणवाडीच्या ताई, कुठे बचत गटाच्या. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, गावच्या पाण्याच्या जागांची पाहणी होते. त्यावरून गावाला हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड मिळते. लाल म्हणजे धोका.

या पाच जणींना चार गोष्टी विचारायचा हक्क गावाला आहे, असे आम्हांला वाटते. रागाने नाही, आपुलकीने. ताई, शिकवणीला तुम्ही स्वतः गेला होता, की नुसते नाव लागले? पुन्हा शिकायला कधी बोलावले होते? पेटीतल्या औषधांची तारीख उलटली तर नाही ना? (बाटलीवर ती छापलेली असते. आता तुम्हांला वाचता येते, तर वाचून बघा.) आणि निकाल कुठल्या वहीत लिहिला? टेक्सासच्या परवान्यातही हेच आहे, खाणीच्या सरदाराच्या दाखल्यातही हेच आहे.

मापाचे घड्याळ जवळ नसतानाही लाइनमध्ये बाहेरचे पाणी शिरते का, याचा सुगावा लावता येतो. टाकीत ब्लीचिंग पावडर, म्हणजे टीसीएल, टाकलेली असते. ओटी चाचणीत पाण्यात थेंब टाकले की क्लोरीन असेल तर पिवळा रंग येतो. एकदा टाकीजवळच्या नळाचे पाणी तपासा. मग लाइनच्या शेवटच्या घरचे तपासा. शेवटच्या घरीही लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरले पाहिजे. टाकीजवळ चांगला पिवळा रंग आला आणि शेवटच्या घरी पाणी कोरेच राहिले, तर मधे क्लोरीन कोणी खाल्ले? बहुतेक वेळा घाणीने. मग त्या दोन घरांच्या मधली लाइन चालत बघा. खड्ड्यातला नळ कुठे आहे, टिल्लू कुठे आहे, बोअरची जोड कुठे आहे, गटारातून लाइन कुठे गेली आहे.

एक गोष्ट आम्ही मुद्दाम सुचवतो. प्रयोगशाळेत पाठवायचा नमुना घेताना आधी नळ थोडा वेळ वाहू देतात. ते बरोबरच आहे. पण उलटे शिरलेले पाणी नळ आल्याबरोबर पहिल्यांदा बाहेर पडते. म्हणून क्लोरीन पाहायचे तर एकदा पहिल्या पाण्याचे पाहा, आणि एकदा दहा मिनिटांनी पाहा. दोन्ही निकाल वहीत वेगवेगळे लिहा.

पेटीत जंतूंसाठी एक छोटी बाटलीही असते. तिच्यात खुणेपर्यंत पाणी भरून, झाकण लावून, उबदार जागी ठेवतात. एक-दोन दिवसांत पाणी काळे पडले तर त्यात मैल्याची घाण आहे असे समजायचे. मग काय करायचे? त्याच दिवशी ग्रामपंचायत अधिकाऱ्याला आणि आरोग्य केंद्राला कळवायचे. वस्तीत दवंडी द्यायची, की पाणी खळखळ उकळून प्या. लाइनमधली चूक शोधून दुरुस्त करायची, टीसीएल टाकायची, आणि नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा. त्यासाठी बाटली निर्जंतुक हवी, आणि ती थंड ठेवून चोवीस तासांच्या आत पोचवायला हवी. तिथून पाणी चांगले असल्याचा कागद येईपर्यंत उकळणे थांबवू नये.