धनेशाचे बाळंतपण

आपण संध्याकाळी येथे मोकळ्या हवेत व्याख्यान ऐकत बसतो, त्याच दिवसांत सह्याद्रीच्या रानात गरुड-धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेऊन बसलेली असते. नावात गरुड असला तरी हा पक्षी त्या कुळातला नव्हे. वड, उंबर, पिंपरी यांची फळे हे त्याचे मुख्य अन्न. सरडा-पाखरू मिळाले तर तेही तो सोडीत नाही.

लांबी जवळजवळ १ मीटर, अंग काळे-पांढरे, चोच पिवळीधमक आणि तिच्यावर शिंगासारखे टोप. हे टोप आतून पोकळ, म्हणून हलके. पिवळा रंगही पुष्कळसा वरून चढविलेला! शेपटीच्या मुळाशी असलेल्या ग्रंथीचे तेल चोचीने अंगाला चोळून तो रंगतो. आपल्याकडच्या हळदीचीच आठवण व्हावी.

विणीच्या वेळी मादी ढोलीत शिरते आणि दार लिंपू लागते. नराने बिचारीला कोंडले असे प्रथम वाटते. पण गिलावा तिचा स्वतःचा, तोही मुख्यतः विष्ठेचा. चोच बाहेर येईल एवढीच फट उरते. आत ती पंखांची मोठी पिसे गाळते, १ किंवा २ अंडी घालते आणि सुमारे ४० दिवस उबविते. नर गळ्यात साठवून आणलेली फळे एकेक करून वर काढतो नि फटीतून तिला भरवितो. पिल्लू जरा मोठे झाले की आई दार फोडून बाहेर पडते, आणि आतले पिल्लू ते दार पुन्हा लिंपून घेते! मग दोघेही चारा आणतात.

आता या संसाराचे दोन आधार पाहू. एक नर. सांधेदुखीवर तेल हवे म्हणून कोणी त्याला मारले, तर आतल्यांच्या तोंडचा घासच गेला. दुसरा आधार झाड. धनेशाला सुतारासारखी ढोली कोरता येत नाही. जुन्या, थोराड झाडात आपोआप झालेली पोकळीच लागते, आणि जोडपे वर्षानुवर्षे तिच्याकडेच परतते. कोकणातल्या देवरायांतून अशी झाडे उरली आहेत ती देवाच्या धाकाने. हा धाक आम्हांस तरी उपकारक वाटतो.

अरुणाचलातील न्यिशी लोक पूर्वी शिरोभूषणात धनेशाची खरी चोच बसवीत. आता पुष्कळ जण फायबरग्लासची वापरतात. त्यांच्यातलेच काही गावकरी २०११-१२ पासून पक्के व्याघ्र प्रकल्पालगतच्या ढोल्यांवर पहारा करतात. त्या पहाऱ्यासाठी दूरच्या शहरांतील माणसे एकेक घरटे दत्तक घेऊन वर्गणी पाठवितात.