मृत प्राण्यांच्या देहाचे काय करतात?

कुंभकोणमहून विळुप्पुरममार्गे चेन्नईस जाणारी आगगाडी वंडलूरवरून जाते. तेथे अरिग्नर अण्णा प्राणिउद्यान आहे. मे २०२१ च्या अखेरीस तेथील सिंहांना खोकला येऊ लागला. त्यांचे नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत तपासले असता नऊ सिंहांना करोनाची लागण झाल्याचे आढळले. ३ जून रोजी नीला ही सिंहीण मरण पावली. अशा प्रसंगी मृत्यूचे नेमके कारण कळले, तरच शेजारच्या पिंजऱ्यांतील प्राण्यांचे व त्यांच्या रखवालदारांचे रक्षण करता येते.

म्हणून प्राणी मेल्यावर पशुवैद्याने शवविच्छेदन करून निष्कर्ष नोंदवावेत, असा आपल्याकडे नियमच आहे. फुप्फुस, यकृत इत्यादी अवयवांचे अंश प्रयोगशाळेकडे पाठवितात. मात्र काळपुळीचा संशय असल्यास देह उघडीत नाहीत. केवळ रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. कारण हवा लागताच त्या रोगाचे जंतू चिवट बीजाणूंचे रूप घेतात आणि ते मातीत वर्षानुवर्षे टिकतात.

तपासणीनंतर देह उद्यानाच्या आवारातच पुरतात किंवा भट्टीत जाळतात. वाघसिंहांचे देह तर अधिकाऱ्यांच्या समक्ष जाळतात. एरवी त्यांची कातडी व नखे चोरबाजारात जाण्याचे भय असते. एखादा सांगाडा मात्र अभ्यासासाठी राखून ठेवतात.